व्हायरल ताप आणि भडकलेली शुगर: घरात काय करायचं, हॉस्पिटलला कधी पळायचं

"कालपासून जेवलेच नाही, म्हणून सुई पण नाही घेतली." आई हे इतकं सहज बोलली की त्या क्षणी मला पण ते बरोबरच वाटलं. पावसाळ्याचे दिवस होते, आधी मुलाला ताप, मग मला, मग आईला, सगळ्यांना तोच खोकला तीच अंगदुखी, त्यामुळे कुणी फार मनावर घेतलं नाही. आई ६६ वर्षांची, डायबेटीस १८ वर्षांपासून, सकाळ-संध्याकाळ ३०/७० चं इन्सुलिन. तिसऱ्या दिवशी रात्री तिने उशाशी तांब्या घेतला आणि तो तांब्या मी रात्रीत चारदा भरला, लघवीला उठून उठून ती दमून गेली, आणि सकाळी मला तिने मावशीच्या नावाने हाक मारली. तेव्हा कुठे मीटर काढलं. बोट टोचलं तर स्क्रीनवर आकडाच नाही, नुसतं 'हाय'. मला वाटलं मीटर बिघडलं, दुसरी स्ट्रिप घातली, परत 'हाय'.

मीटर बिघडलेलं नव्हतं. बऱ्याच मीटरवर 'हाय' याचा अर्थ शुगर ६०० च्या वर गेलीय, मीटरला पुढे मोजता येत नाही. आई चार दिवस आयसीयूत होती, सुखरूप घरी आली, पण त्या चार दिवसांत मी जे शिकलो आणि नंतर डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून जे समजून घेतलं ते सगळं इथे लिहितोय, कारण आदल्या दिवशी कुणीतरी मला हे सांगितलं असतं तर ते चार दिवस कदाचित आलेच नसते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे इन्सुलिनचे युनिट किती वाढवायचे हे इथे सापडणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायचं असतं आणि ते कसं ते पुढे येईलच.

आधी हे समजून घ्या, मग बाकीचं सोपं जातं

पोटात अन्न नाही तर शुगर वाढेल कशी, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. उत्तर असं की आजारपणात शुगर फक्त ताटातून येत नाही, लिव्हरमधून येते. फ्लू, कोविड, डेंग्यू, जुलाब-उलट्यांचा व्हायरस, काहीही झालं की शरीर लढायला उभं राहतं, कॉर्टिसोल, अॅड्रेनलिन, ग्लुकागॉन ही हार्मोन्स वाढतात, ती लिव्हरला सांगतात साखर सोड, आणि त्याच वेळी इन्सुलिनचा असर कमी करतात. म्हणजे उपाशी माणसाची शुगर पण तापात ३००-४०० जाऊ शकते, आणि आजारपणात इन्सुलिनची गरज बहुतेक वेळा वाढते, कमी होत नाही. त्याच दिवशी आपण सुई बंद करतो.

यातून दोन प्रकारची इमर्जन्सी होते.

एक म्हणजे डीकेए, डायबेटिक कीटोअॅसिडोसिस. इन्सुलिन फारच कमी पडलं की पेशींना साखर वापरता येत नाही, मग शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात आणि रक्त आंबट होत जातं. हे टाइप १ वाल्यांमध्ये (ज्यांचं शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) जास्त, पण टाइप २ मध्ये (इन्सुलिन बनतं पण पुरत नाही) पण होतं, आणि तासांत होतं, सकाळी बरा असलेला मुलगा रात्री आयसीयूत अशा वेगाने. पोटात दुखतं, उलट्या, खोल आणि भराभर श्वास, तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास. (हा वास सगळ्यांना येत नाही, माझ्या बायकोला येतो, मला अजिबात नाही, त्यामुळे वास नाही म्हणजे डीकेए नाही असं कधी धरू नका.)

दुसरी एचएचएस, हायपरऑस्मोलर हायपरग्लायसेमिक स्टेट, जी आईला झाली होती. ही जास्त करून वयस्कर टाइप २ पेशंटची. थोडंफार इन्सुलिन शिल्लक असतं म्हणून कीटोन फार होत नाहीत, पण शुगर ६०० च्या वर जाते, लघवीवाटे पाणी जात राहतं आणि माणूस आतून वाळून जातो, मोठ्या माणसाच्या शरीरातलं ८-१० लिटर पाणी कमी झालेलं असू शकतं. ही हळूहळू येते, दोन-चार दिवस, कधी आठवडाभर, आणि घरच्यांना वाटतं वय झालंय, तापाने ग्लानी आलीय. असंबद्ध बोलणं, माणसं न ओळखणं, सारखी झोप, कधी एक बाजू कमजोर वाटणं, काही जणांना तर लकवा समजूनच आणलं जातं. पोटदुखी-श्वासाचा गोंधळ यात कमी म्हणून ही लक्षात येत नाही, आणि यातला मृत्यूचा धोका डीकेएपेक्षा जास्त आहे.

पायरी पहिली: ताप आला की थर्मामीटरसोबत ग्लुकोमीटर पण काढायचं

अंग कणकणलं, खोकला सुरू झाला, जुलाब लागले, त्याच दिवशी शुगर बघायची, 'बघू उद्या' नाही. इन्सुलिनवर असाल तर दर ३-४ तासांनी, रात्री पण, टाइप १ असेल आणि शुगर वाढलेली असेल तर दर २ तासांनी. नुसत्या गोळ्यांवर असाल तर दिवसातून चार वेळा तरी.

हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच टोचा. आंबा किंवा केळं सोललेल्या बोटावर आकडा खोटा चढतो, आणि खोट्या आकड्यावर कुणी जास्त इन्सुलिन घेतलं तर उलटाच घोळ. स्पिरिटचा बोळा फिरवला असेल तर वाळू द्या. स्ट्रिपची डबी कधी उघडली ते बघा, पावसाळ्यात डबीचं झाकण उघडं राहिलं की स्ट्रिपा दमट होऊन भलतेच आकडे देतात.

आणि लिहून ठेवा. आमच्याकडे आता जुन्या वहीच्या मागच्या पानावर पाच रकाने आहेत: वेळ, शुगर, ताप, किती पाणी प्यायली, इन्सुलिन किती. हॉस्पिटलात गेल्यावर डॉक्टरांनी वीस प्रश्न विचारण्याऐवजी ते पान पाहिलं की त्यांचा पण वेळ वाचतो आणि आपलं पण 'बहुतेक सकाळी घेतलं असेल' हे बंद होतं.

पायरी दुसरी: इन्सुलिन बंद करायचं नाही

यावरच सगळं अडतं म्हणून जरा सविस्तर.

टाइप १ असेल तर इन्सुलिन कधीच, कुठल्याही कारणाने पूर्ण बंद करायचं नाही. जेवण नाही, उलट्या होतायत, फक्त पाणी चाललंय, तरीही २४ तासांचं जे बेसल इन्सुलिन आहे ते चालूच. जेवणाआधीचं फास्ट इन्सुलिन जेवणाच्या हिशोबाने कमी-जास्त होईल, पण बेसल चुकलं की डीकेए दारात येऊन उभा राहतो.

टाइप २ आणि इन्सुलिनवर असाल तरी स्वतःच्या मनाने बंद नाही. ३०/७० सारख्या मिक्स इन्सुलिनची अडचण अशी की त्यात जेवणाचं आणि दिवसभराचं दोन्ही एकत्र असतं, जेवलं नाही तर पूर्ण डोस भारी पडेल ही भीती खोटी नाही, पण त्याचं उत्तर शून्य डोस नाही. त्याचं उत्तर आहे मीटर बघून डॉक्टरांना फोन: "शुगर इतकी आहे, जेवण इतकं गेलंय, रोजचा डोस इतका, आता किती देऊ?" बऱ्याचदा थोडा कमी, कधी तेवढाच, आणि शुगर चढलेली असेल तर उलट जास्त पण सांगतात. आईच्या वेळी हा एक फोन मी केला नाही.

हा प्रश्न आजारी पडायच्या आधी विचारून ठेवणं सगळ्यात चांगलं. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या: शुगर २५० च्या वर असेल तर जादा किती, ३५० च्या वर किती, अजिबात जेवण नसेल तर मिक्सचा डोस किती, कीटोन आले तर काय, कोणत्या गोळ्या थांबवायच्या, रात्री कोणाला फोन करायचा. आमचा हा कागद फ्रिजच्या दारावर चिकटवलाय.

जादा इन्सुलिनबद्दल एक सांभाळा. एक डोस दिला, तासाभराने बघितलं, शुगर तेवढीच, म्हणून परत दिलं, परत दिलं, असं करू नका. फास्ट अॅनालॉग इन्सुलिन साधारण ४ तास काम करतं, साधं रेग्युलर ६ ते ८ तास, एकावर एक डोस चढले की पहाटे तीन वाजता शुगर ४५ सापडेल.

आणि सिरिंज! आपल्याकडे एका मिलीत ४० युनिट असलेल्या वायल आणि एका मिलीत १०० युनिट असलेल्या वायल दोन्ही मिळतात. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी केशरी टोपणाची. १०० युनिटचं इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजने घेतलं तर अडीच पट डोस जातो, आणि उलट झालं तर निम्म्याहून कमी. रात्री घाईत शेजारच्या मेडिकलमधून आणलेली वायल आणि घरात पडलेली सिरिंज जुळतात का हे वाचल्याशिवाय टोचू नका.

इन्सुलिन खराब झालेलं नाही ना हे पण बघा. फ्रिजच्या दारात, बर्फाच्या कप्प्याजवळ नाही, २ ते ८ डिग्री. उघडलेली वायल साधारण २८ दिवस, ती पण गारव्यात. लाइट जास्त वेळ जाते अशा गावात माठ किंवा ओल्या वाळूत ठेवलेलं मडकं चालतं, वायल प्लॅस्टिकच्या डबीत घालून. गोठून परत वितळलेलं किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर तापलेलं इन्सुलिन दिसायला नीट असतं पण काम करेलच असं नाही, अशी शंका असेल तर नवीन वायल फोडा.

पायरी तिसरी: कीटोन तपासा

टाइप १ असेल आणि शुगर २५० च्या वर असेल, किंवा शुगर कितीही असो पण उलट्या-मळमळ असेल, तर कीटोन बघायचेच. लघवीच्या कीटोन स्ट्रिप केमिस्टकडे मिळतात, नसतील तर मागवून देतात. ताज्या लघवीत बुडवायची, डबीवर लिहिलेले तेवढेच सेकंद मोजायचे आणि लगेच डबीवरच्या रंगाशी जुळवायची, उजेडात. बदामी रंग तसाच राहिला तर ठीक, गुलाबीकडे गेला तर कीटोन आहेत, गर्द वांगी झाला तर थांबायचं नाही. पाच मिनिटांनी बघितलेला रंग धरायचा नाही.

रक्तातले कीटोन मोजणारं मीटर महाग पडतं पण टाइप १ चं मूल घरात असेल तर मी म्हणेन घ्याच, कारण लघवीचं चित्र रक्तापेक्षा काही तास मागे असतं. आकडे असे: ०.६ च्या खाली नॉर्मल, ०.६ ते १.५ म्हणजे जादा इन्सुलिन आणि पाणी लागणार, दोन तासांनी परत बघा, १.५ ते ३ म्हणजे डॉक्टरांना आत्ता फोन, ३ किंवा वर म्हणजे गाडी काढा.

आता ज्या गोळ्यांकडे कुणाचं लक्ष नसतं

तुमच्या पाकिटावर डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा कॅनाग्लिफ्लोझिन असं काही लिहिलंय का बघा, कॉम्बिनेशन गोळीत पण असतं त्यामुळे बारीक अक्षर वाचा. ही 'फ्लोझिन' गोळी लघवीतून साखर बाहेर टाकते. हृदयाला आणि किडनीला चांगली, जेनेरिक आल्यापासून स्वस्त पण झाली आणि आता खूप जणांना सुरू असते, काहींना तर डायबेटीस नसताना हार्टसाठी. पण ताप, उलट्या, उपास, ऑपरेशन अशा दिवसांत या गोळीवर कीटोन चढू शकतात आणि शुगर मात्र १८०-२०० च दिसते. म्हणजे मीटर म्हणतंय ठीक आहे, घरचे म्हणतायत ठीक आहे, आणि आत डीकेए चालू आहे. म्हणून सर्वसाधारण नियम असा की नीट जेवण-पाणी जात नाही तितके दिवस फ्लोझिन थांबवायची आणि खाणं-पिणं सुरळीत झाल्यावर डॉक्टरांना विचारून परत चालू करायची. आणि ती चालू असताना उलटी-पोटदुखी-धाप असेल तर शुगर कितीही असो, हॉस्पिटलात पहिलं वाक्य हेच: "फ्लोझिनची गोळी चालू आहे, कीटोन बघा."

उलट्या-जुलाबांत मेटफॉर्मिन, पाणी काढणाऱ्या गोळ्या, बीपीच्या काही गोळ्या पण थोडे दिवस थांबवायला सांगतात कारण किडनीवर ताण येतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने उपाशीपोटी शुगर खाली जाऊ शकते. हे सगळं त्या फ्रिजवरच्या कागदावर हवं. तापाला पॅरासिटामॉल पुरे, अंगदुखीच्या स्ट्राँग गोळ्या स्वतःच्या मनाने नको, डेंग्यूच्या दिवसांत तर बिलकुल नको.

स्टेरॉइड मात्र वेगळं प्रकरण आहे. 'ताप लगेच उतरणारं इंजेक्शन' म्हणून काही ठिकाणी सर्रास डेक्सामेथासोन देतात, त्याने बरं वाटतं आणि शुगर दोनशे-तीनशेने वर जाते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने याचं फार वाईट रूप बघितलं, कोविड, त्यावर स्टेरॉइड, त्यात भडकलेली शुगर, आणि त्यामागून आलेली काळी बुरशी. ज्यांना ऑक्सिजन लागत होता त्यांच्यासाठी स्टेरॉइडने जीव वाचवले हे खरं आहे, त्यामुळे डॉक्टर विचार करून देत असतील तर नाकारू नका, फक्त विचारा: "हे स्टेरॉइड आहे का? आईला डायबेटीस आहे, शुगर किती वेळा बघू, इन्सुलिन वाढवायचं का?"

खाणं-पिणं

पाणी औषधासारखं द्यायचं, तहान लागण्याची वाट बघत बसायचं नाही. मोठ्या माणसाला तासाला साधारण एक फुलपात्र, उलटी होत असेल तर दर पाच मिनिटांनी दोन चमचे. किडनी किंवा हार्टमुळे पाण्यावर बंधन असेल तर किती द्यायचं ते डॉक्टर सांगतील.

काय द्यायचं ते शुगर बघून. २५० च्या वर असेल तर बिनसाखरेचं: साधं पाणी, मीठ घातलेलं पातळ ताक, बिनसाखरेचं लिंबूपाणी, भाज्यांचं सूप, वरणाचं वरचं पाणी. शुगर २०० च्या खाली असेल आणि जेवण जात नसेल तर थोडी पिठूळ किंवा गोड वस्तू पोटात जायलाच हवी, म्हणजे मीठ घालून भाताची पेज, नाचणीची आंबील, मऊ खिचडी, अर्धं केळं, घोट घोट करून. कारण इन्सुलिन चालू ठेवायचं तर त्याला काहीतरी पुरवठा लागतो. शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत बोट.

ओआरएसबद्दल फार गोंधळ आहे. जुलाब-उलट्या असतील तर डायबेटीसवाल्यांना ओआरएस चालतं, त्यातली साखर मीठ आत ओढून घ्यायला असते आणि ती थोडी असते, एका लिटरला १३.५ ग्रॅम. पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच कालवा, पेल्यात अर्धी पुडी असं अंदाजाने नको. पण टेट्रापॅकमधली गोड एनर्जी ड्रिंक ओआरएस नव्हेत, त्यात कितीतरी जास्त साखर असते. आईला आम्ही दोन दिवस तेच पाजत होतो, 'ताकद येईल' म्हणून, आणि नारळपाणी वर. तहान वाढली की आणखी पाजत होतो. आज ते आठवलं की पोटात खड्डा पडतो.

सलाईन लावण्याआधी बोट टोचा

आईला 'हाय' दिसण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही जवळच्या एका दवाखान्यात नेलं होतं. गर्दी होती, व्हायरलची साथ, अशक्तपणा आहे म्हणून सलाईन लावलं. घरच्यांनीच म्हटलं होतं, "जरा ग्लुकोज चढवा, काही खात नाहीये." बाटलीवर डी ५ लिहिलं होतं, म्हणजे ५ टक्के डेक्स्ट्रोज, ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम सरळ साखर. बोट कुणी टोचलं नाही, आम्ही पण सांगितलं नाही. मी त्या दवाखान्याला दोष देऊन मोकळा होऊ शकत नाही कारण मागणी आमचीच होती.

म्हणून कुठेही सलाईन लागायच्या आधी म्हणा, "आधी शुगर बघू या." मीटर खिशात ठेवा, स्वतःच टोचा. बाटलीवर एनएस किंवा आरएल असेल तर त्यात साखर नाही, डी ५, डीएनएस, डी १० यात आहे. (आयसीयूत मात्र डीकेएच्या उपचारात शुगर २५० च्या आसपास उतरली की मुद्दाम डेक्स्ट्रोज चालू करतात, कारण कीटोन जाईपर्यंत इन्सुलिन चालूच ठेवायचं असतं आणि शुगर फार पडू द्यायची नसते. ते बघून घाबरू नका, ते बरोबर आहे.)

घरात कुणालाच डायबेटीस नाही, तरी

हे लहान मुलांच्या आईबापांसाठी. टाइप १ अनेकदा पहिल्यांदा कळतो तोच डीकेएमध्ये, आणि तो येतो व्हायरलच्या वेषात. मूल सारखं पाणी मागतं, लघवी वाढते, बरेच दिवसांनी परत अंथरूण ओलं करायला लागतं, कपडे ढिले होतात, बाथरूममध्ये मुंग्या दिसतात. मग एक ताप येतो आणि उलट्या सुरू होतात. पोटदुखी म्हणून अपेंडिक्सची शंका घेतात, धाप म्हणून न्यूमोनिया किंवा दमा समजतात, वाफ देतात. माझ्या बहिणीच्या मुलीचं असंच झालं, वय ९, घरात कुणाला डायबेटीस नाही, दोन ठिकाणी व्हायरल म्हणून औषध मिळालं, तिसऱ्या ठिकाणी एका सिस्टरने तिचा श्वास बघितला, पळून आल्यासारखा खोल खोल, पण छातीत काही आवाज नाही, आणि न विचारताच बोट टोचलं. ४८७.

मग व्हायरसमुळे डायबेटीस होतो का? व्हायरस आणि टाइप १ चं नातं जुनं आहे. १९७९ मध्ये अमेरिकेत डीकेएने दगावलेल्या १० वर्षांच्या मुलाच्या स्वादुपिंडातून कॉक्सॅकी बी ४ हा व्हायरस मिळाल्याचं छापून आलं होतं, आणि २००० मध्ये जपानच्या इमागावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे पेशंट नोंदवले ज्यांना फ्लूसारखा ताप आला आणि काही दिवसांतच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी जवळजवळ संपल्या, इतक्या वेगाने की शुगर प्रचंड पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी जवळपास नॉर्मल. ते फार दुर्मिळ. बहुतेक मुलांमध्ये आतला बिघाड आधीच महिने-वर्षं चालू असतो आणि व्हायरल ताप शेवटचा धक्का देतो. त्यामुळे 'आपण पावसात भिजू दिलं म्हणून' असं आईबापांनी मनाला लावून घेऊ नये. माझ्या बहिणीने वर्षभर लावून घेतलं होतं.

हॉस्पिटलला कधी निघायचं

यातलं एक जरी असेल तर फोनवर वेळ घालवू नका: मीटरवर 'हाय', जादा इन्सुलिन देऊनही दोन वेळा ३०० च्या वर आणि उतरत नाही, ४-६ तास पोटात पाणी पण ठरत नाही, रक्तातले कीटोन ३ किंवा वर, किंवा लघवीची स्ट्रिप गर्द, खोल भराभर श्वास, पोटात जोरात दुखणं, सारखी झोप, असंबद्ध बोलणं, माणूस न ओळखणं, ६-८ तास लघवीच नाही. गरोदर बाई, लहान मूल आणि एकटं राहणारं म्हातारं माणूस असेल तर यापेक्षा पण लवकर.

१०८ ला फोन करा किंवा जी गाडी हाताशी आहे ती काढा, पण आयसीयू आणि रात्रीची लॅब असलेल्या ठिकाणी, छोट्या दवाखान्यात थांबून दोन बाटल्या लावून पुढे जाण्यात वेळ जातो. पेशंटला गाडी चालवू देऊ नका. गुंगीत असेल तर तोंडात पाणी घालू नका, कुशीवर झोपवा. सोबत मीटर, ती वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, इन्सुलिनची वायल किंवा पेन.

दारात पोचल्यावर एवढं बोला: डायबेटीस किती वर्षं, कोणतं इन्सुलिन, शेवटचं कधी घेतलं, उलट्या किती, शुगर किती दाखवली, फ्लोझिन किंवा स्टेरॉइड घेतलं का. चुकलेला डोस लपवू नका, आईने पहिल्यांदा "घेते की रोज" असंच सांगितलं होतं, ओरडतील म्हणून.

आत काय होतं ते माहीत असलं की बाहेर बसलेल्या माणसाचा जीव जरा शांत राहतो. रक्तातली शुगर, कीटोन, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि रक्त किती आंबट झालंय ते बघतात. पहिलं औषध पाणी, म्हणजे शिरेतून सलाईन. इन्सुलिन पंपाने हळूहळू, आणि त्याआधी पोटॅशियम, कारण इन्सुलिन पोटॅशियमला पेशीत ढकलतं, ते आधीच कमी असेल तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून कधी कधी इन्सुलिन तासभर उशिरा चालू करतात, तेव्हा "शुगर एवढी आहे आणि हे इन्सुलिनच देत नाहीत" म्हणून भांडायला जाऊ नका, मी गेलो होतो. शुगर एकदम खाली आणत नाहीत ते पण मुद्दाम, लहान मुलांच्या मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. बाकी दर तासाला बोट टोचत राहतात.

घरी आल्यावर

डिस्चार्जच्या दिवशी घाई असते, बिलं, गाडी, गर्दी. तरी थांबून तीन गोष्टी लिहून घ्या: इन्सुलिनचा नवा डोस (ताप गेल्यावर गरज परत कमी होते, म्हणून आयसीयूतला वाढीव डोस महिनाभर चालू ठेवला तर शुगर पडू शकते), थांबवलेल्या कोणत्या गोळ्या कधी चालू, आणि पुढची तपासणी कधी. पहिले आठ दिवस रोज चार वेळा बोट टोचा, त्यात एकदा पहाटे तीनला.

फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्याच्या आधी घ्या, न्यूमोनियाच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि एक डबा तयार ठेवा, आमचा बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा आहे: जादा स्ट्रिपा, सुया, मीटरचा बटणसेल, कीटोन स्ट्रिप, ओआरएसच्या पुड्या, पॅरासिटामॉल, थर्मामीटर, साखर, आणि त्या कागदाची झेरॉक्स. दर १ तारखेला एक्सपायरी बघायची. हे काम आता आईच करते, चष्मा लावून एकेक डबी उजेडात धरते, आणि गेल्या महिन्यात घसा दुखायला लागला तर मी ऑफिसात असताना तिचाच फोन आला: "एकशे नव्वद आहे, ताप नाही, सुई घेतलीय, पेज केलीय."